उलटतपासणी शाळेत शिकवा

विदर्भातल्या कुठल्याही हायस्कुलात भाषणांचा दुष्काळ नाही. जयंती असो, पुण्यतिथी असो, संविधान दिन असो, पाच-सहा पोरं पाठ केलेलं भाषण घेऊन उभी राहतात. ‘अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो’पासून ‘एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो’पर्यंत गाडी रूळ सोडत नाही. भाषण सरांनी नाही तर मोठ्या बहिणीनं लिहून दिलेलं असतं. अलीकडे मोबाइल लिहून देतो. मधे कोणी अडवत नाही, नंतर कोणी काही विचारत नाही. टाळ्या पडतात, प्रमाणपत्र मिळतं, विषय संपतो.

गंमत अशी की यातल्या कितीतरी स्पर्धा गाडगेबाबांच्या नावानं होतात. बाबांचं कीर्तन म्हणजे नुसते सवाल-जवाब. समोर बसलेल्या माणसाला वऱ्हाडीत प्रश्न विचारायचा, उत्तर त्याच्याच तोंडून काढायचं आणि त्याच उत्तराचा धागा पकडून पुढचा प्रश्न टाकायचा. कर्ज काढून लग्न, नवसाचं बकरं, दारू यांतलं काय खरं नि काय खोटं, ते बाबा सांगत नसत, लोकांकडून वदवून घेत. त्या माणसाच्या नावानं आपण अशी स्पर्धा भरवतो, जिथं प्रश्न विचारायला जागाच नाही.

माझं म्हणणं असं आहे की आठवी ते दहावीच्या मुलांसाठी तालुक्या-तालुक्यात अभिरूप न्यायालयाच्या, म्हणजे खोटा खटला खऱ्यासारखा चालवायच्या, स्पर्धा व्हाव्यात. मराठीत व्हाव्यात, आणि आपल्या गावात ज्या गोष्टींवरून खरोखर भांडणं होतात त्यांच्यावर व्हाव्यात. मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो, त्यामुळे ‘आपल्या धंद्याची जाहिरात’ असा आरोप होईल. होऊ द्या. या मुलांतलं एकही पुढे वकील झालं नाही तरी माझी तक्रार नाही.

अमेरिकेत हायस्कूलच्या मुलांची अशी राष्ट्रीय स्पर्धा १९८४ मध्ये आयोवा राज्यातल्या डे मॉइन शहरात पहिल्यांदा झाली आणि तिथं ती आता चांगली रुजली आहे. रीत साधी आहे. एका काल्पनिक खटल्याची फाइल सगळ्या संघांना आधीच मिळते. तिच्यात साक्षीदारांचे जबाब असतात, काही कागद असतात आणि पुराव्याचे सोपे केलेले नियम असतात. प्रत्येक बाजूला तीन मुलं वकील होतात, तीन साक्षीदार. संघाला दोन्ही बाजूंची तयारी करावी लागते. एका फेरीत वादीकडून उभं राहिलेल्यांना दुसऱ्या फेरीत प्रतिवादीकडून भांडावं लागतं. परीक्षक खरे वकील, न्यायाधीश असतात आणि गुण मुलांच्या कामाला मिळतात. खटला हरलेला संघ स्पर्धा जिंकू शकतो. आपल्या लॉ कॉलेजात मूट कोर्ट असतं, पण तो प्रकार वेगळा. तिथं साक्षीदार नसतो, अपिलातल्यासारखा कायद्याच्या मुद्द्यांचा कीस पाडतात. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना कलमांचं काय करायचं? त्यांना माणसं आणि हकिकत द्या.

आपल्याकडची हकिकत कशी असेल, ते एका नमुन्यावरून सांगतो. एका हायस्कुलात नववीच्या वर्गात हा खटला चालवून पाहिला होता. धुऱ्याला लागून दोन वावरं. रानडुकरांचा त्रास, म्हणून एकानं कुंपणाला तार ओढलेली. सकाळी शेजाऱ्याचा बैल त्या तारेपाशी मरून पडलेला. शेजारी म्हणतो, यानं खांबावर आकडा टाकून तारेत थेट करंट सोडला, मला बैलाची किंमत पाहिजे. कुंपणवाला म्हणतो, माझ्याकडे झटका मशीन आहे, त्यानं जनावर दचकतं, मरत नाही. ही पाहा पावती. फाइलमध्ये पंचनामा, मशीनची पावती, पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा अहवाल आणि लाइनमनसह सहा जणांचे जबाब. अहवालात बैलाच्या पायाजवळ भाजल्याची खूण नमूद, पण मृत्यूच्या कारणाबद्दल मत राखून ठेवलेलं. मुद्दाम तसं केलं होतं. सगळंच स्पष्ट असेल तर खटला कशाला चालवायचा?

वादीकडचा मुख्य साक्षीदार म्हणजे शेजारच्या वावरातला सालदार. ते काम केलं शेवटच्या बाकावर बसणाऱ्या एका मुलानं. त्यानं ठासून सांगितलं की रात्री नऊच्या सुमारास तारेवर ठिणगी पडताना आपण पाहिली. उलटतपासणीला एक बारीकशी मुलगी उठली.

‘त्या आठवड्यात तुमच्या शिवारात लाइन दिवसाची होती की रात्रीची?’

‘दिवसाची होती जी.’

‘म्हणजे संध्याकाळी शेतीची लाइन गेलेली असते?’

‘हो जी.’

‘मग नऊ वाजता खांबावर लाइन नसताना ठिणगी कशी पडली?’

वर्गात हशा पिकला. लाइनमनच्या जबाबातली लाइनच्या पाळीची ती ओळ बाकीच्यांनी वाचून सोडून दिली होती, हिनं पकडली. पण खरी मजा पुढं आहे. फेरतपासणीला, म्हणजे आपल्याच साक्षीदाराला पुन्हा प्रश्न विचारायला, वादीचा वकील झालेला मुलगा उठला आणि म्हणाला, ‘त्या खांबावरून गावठाणची लाइनही जाते ना? ती तर रात्रभर असते.’ लगेच प्रतिवादीकडून हरकत आली की वकील आपल्याच साक्षीदाराच्या तोंडात उत्तर घालतोय. न्यायाधीश झालेल्या बाईंनी हरकत मान्य केली. मुलगा दोन क्षण थांबला आणि प्रश्न फिरवून विचारला, ‘त्या खांबावर कोणकोणत्या लाइनी आहेत?’ साक्षीदाराला फाइलबाहेरचं रचून सांगायची मुभा नसते. तो म्हणाला, ‘ते मले नाही माहीत.’ आणि खटला पुन्हा अधांतरी लटकला.

त्या पाच मिनिटांत जे झालं ते आठवीच्या राज्यशास्त्रातला न्यायव्यवस्थेचा धडा दहा वेळा वाचून होत नाही. विधी सेवा समितीच्या शिबिरांतही होत नाही. तिथं एक वकील साहेब माइकसमोर उभे राहून कलमांची यादी वाचतात आणि मुलं खिचडीच्या सुट्टीची वाट पाहतात.

कोर्टात रोज एक गोष्ट दिसते. पक्षकार येतो आणि म्हणतो, ‘साहेब, साऱ्या गावाले माहीत हाय.’ कोणी पाहिलं असं विचारलं तर उत्तर येतं, ‘पाह्यलं कोनीच नाई, पन माहीत साऱ्याईले हाय.’ हा माणूस खोटं बोलत नसतो. आपण पाहिलं ते, आपल्याला कोणी सांगितलं ते आणि आपल्याला वाटलं ते, यांची गाठोडी वेगळी बांधायची असतात हे त्याला कोणी कधी शिकवलेलंच नसतं. ऐकीव गोष्ट कोर्टात सहसा का टिकत नाही, हे त्याला कळतं तेव्हा पैसा, वर्षं आणि भाऊबंदकी तिन्ही खर्ची पडलेली असतात.

आणि हे कोर्टापुरतं असतं तर चाललं असतं. गावात रोज निकाल लागत असतात, कुठल्याही तपासणीवाचून. पानटपरीवर लागतात, व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर लागतात. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात जिवती तालुक्यातल्या वणी खुर्द या गावात जादूटोण्याच्या संशयावरून सात जणांना, त्यांत म्हाताऱ्या बायका-माणसांना, भर चौकात बांधून मारलं. जादूटोणाविरोधी कायदा राज्यात २०१३ पासून आहे. कायदा होता, पोलीस ठाणं होतं, शाळाही होत्या. नव्हता तो एक माणूस, जो गर्दीत उभा राहून विचारेल, ‘तुले कसं माहीत?’ मुलांनी खोटे खटले चालवले म्हणून अशा घटना थांबतील असा भाबडा दावा मी करणार नाही. गर्दीपुढे एकट्यानं उभं राहायला जिगर लागते आणि ती फाइलमधून मिळत नाही. पण प्रश्न विचारायची जीभ तर वळलेली हवी.

स्पर्धेचा दुसरा मोठा फायदा पालकांना आधी उलटा वाटतो. ज्या बाजूवर विश्वास नाही, तिच्याकडूनही भांडावं लागतं. ‘म्हणजे पोरांना खोटं बोलायला शिकवायचं का?’ असं एका मुख्याध्यापकांनी मला तोंडावर विचारलं होतं. माझा अनुभव उलटा आहे. कुंपणवाल्याच्या बाजूनं उभं राहायचं म्हटलं की आधी त्याची अडचण समजून घ्यावी लागते. रात्रभर मचाणावर बसून डुकरं हाकलणारा, तरी सकाळी निम्मं वावर उद्ध्वस्त झालेलं पाहणारा माणूस डोळ्यांपुढे आणावा लागतो. बैलवाल्याकडून उभं राहिलं की ऐन हंगामात बैल गेला म्हणजे काय होतं ते कळतं. शेतकऱ्याच्या घरातल्या पोरांना दोन्ही दुःखं माहीत असतात, फक्त ती एकमेकांच्या विरुद्ध उभी राहू शकतात याचा त्यांनी विचार केलेला नसतो. खोट्याचं म्हणाल, तर फाइलबाहेरचं एक वाक्य जरी रचलं तरी समोरचा संघ हरकत घेतो आणि गुण जातात. पाठ केलेल्या भाषणात थापा मारणं याहून कितीतरी सोपं असतं.

उलटतपासणीबद्दल एक आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो वाटेला लावता येणार नाही. हे हत्यार दुबळ्याला झोडपायलाही वापरतात. विदर्भाला हे वेगळं सांगायला नको. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. अंगावर जखमा नाहीत, तिनं आरडाओरडा केला नाही, म्हणजे तिची संमती होती, अशा धाटणीच्या युक्तिवादावर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही आरोपी पोलिसांना सोडलं. त्याआधी नागपूर खंडपीठानं त्यांना दोषी ठरवलं होतं. मग कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये पुराव्याचा कायदा बदलावा लागला. पोलीस कोठडीसारख्या ठिकाणी बाई ‘माझी संमती नव्हती’ म्हणाली, तर न्यायालयानं ते आधी धरून चालावं, असं त्यात आलं. हा खटला नववीच्या वर्गात चालवा असं मी म्हणत नाही. पण ज्यांनी हे पत्र लिहिलं त्यांनीही प्रश्नच विचारला होता, देशातल्या सर्वांत मोठ्या कोर्टाला: ‘मुकाट राहणं म्हणजे हो म्हणणं, हे तुम्ही कशावरून ठरवलं?’ उलटतपासणी वाईट माणसांच्याच हातात राहिली, तर ती वाईटच राहील. साक्षीदाराचा अपमान केला की गुण कापायचे, हा नियम म्हणूनच पहिल्या दिवसापासून हवा.

मुलींच्या बाबतीत मला या स्पर्धांकडून जास्त अपेक्षा आहे. १९९४ पासून महाराष्ट्रात आणि २००५ पासून देशभर मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा हक्क आहे. तरी लग्न झालेल्या बहिणीला सणाला बोलवायचं, लुगडं-चोळी करायची आणि जाता जाता हक्कसोडपत्रावर सही घ्यायची, हे आजही चालतं. सोडायचा तर सोडावा हक्क, तो तिचा प्रश्न. पण कागद वाचून सोडावा. जिनं नववीत बैलाच्या खटल्यातला पंचनामा ओळीनं वाचला, ती पंचविसाव्या वर्षी न वाचता सही करायला निदान दोनदा विचार करेल. ‘पोरगी घरात वकिली करायला लागेल’ ही भीती बापांना वाटते. ती खरी ठरो.

कागदाचं महत्त्व मुलांनाही तितकंच. २०२५ आधी गारपिटीनं पीक गेलं तर विम्यासाठी ७२ तासांच्या आत कळवावं लागायचं, हे बहुतेकांना ७३व्या तासाला कळायचं. बियाणं उगवलं नाही तर ग्राहक आयोगात पिशवी, टॅग आणि बिल लागतं. आपण पिशवी चुलीत घालतो आणि बिल घेतच नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. दोष औषधाचा, विकणाऱ्याचा, यंत्रणेचा की तोंडाला फडकं न बांधणाऱ्याचा, यावर गावोगाव वाद झाले. पण कोणत्या दिवशी, कोणतं औषध, किती प्रमाणात, कुणाच्या सांगण्यावरून फवारलं, हे लिहून ठेवलेलं किती घरांत सापडलं असतं? यावर दहावीच्या मुलांसाठी एक उत्तम खटला रचता येईल. नावं-गावं काल्पनिक, प्रश्न मात्र खरे.

भाषेबद्दल मी हट्टी आहे. राज्यातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा १९९८ च्या अधिसूचनेनं मराठी झाली. मग स्पर्धा इंग्रजीत घ्यायचं कारण काय? इंग्रजीत घेतली की नागपूरच्या दोन-चार शाळा बक्षिसं नेतील आणि आमची पोरं टाळ्या वाजवायला उरतील. साक्षीदारानं तर बोलीतच बोलावं. खऱ्या कोर्टातला साक्षीदार कुठे प्रमाण मराठी बोलतो? शुद्ध भाषणात ज्याची जीभ अडखळते तो मुलगा सालदार म्हणून उभा राहिला की बहरतो. पूर्वेकडच्या चार जिल्ह्यांना तर हे सांगायचीही गरज नाही. झाडीपट्टीत दिवाळीपासून रात्र-रात्र नाटकं पाहून वाढलेल्या पोरांना पात्र कसं उभं करायचं हे कोणी शिकवावं लागत नाही. उलट थोडं आवरावं लागतं, कारण नाटक-सिनेमातलं कोर्ट त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. आपल्या कोर्टात हातोडा नसतो, गीतेवर हात ठेवत नाहीत, ‘मिलॉर्ड’ म्हणून कोणी गर्जत नाही आणि खरा खुनी मागच्या बाकावरून उठून कबुली देत नाही. हे ऐकून मुलांचा जरा हिरमोड होतो, त्याला इलाज नाही.

आता अडचणी. शिक्षकांवर आणखी एक ओझं टाकलं तर ही योजना पहिल्याच वर्षी कागदावर उरकली जाईल. फोटो निघतील, अहवाल जातील. निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहिती भरणं, रिकाम्या जागा, यातून सरांना श्वास मिळत नाही. म्हणून खटल्याची फाइल लिहिणं आणि परीक्षक देणं हे काम तालुक्याच्या वकील संघानं उचलायला हवं. नागपूरला वारंग्याला राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे. तिथल्या मुलांना गाव पाहायची ही बरी संधी. फाइल दहा-बारा पानांपेक्षा मोठी नको. त्यात पात्रांची आडनावं अजिबात नकोत, पहिली नावं पुरे. आपल्याकडे आडनाव दिसलं की जात दिसते, आणि मग फाइल उघडायच्या आधीच अर्ध्या वर्गाचा निकाल ठरलेला असतो. गावात चालू असलेलं भांडण तर चुकूनही घ्यायचं नाही.

आणि राज्यस्तरावर नेऊ नका, निदान सुरुवातीची काही वर्षं. राज्यस्तर आला की कोचिंग येतं, ड्रेस येतो, निवडक सहा पोरं रंगतात आणि बाकीचा वर्ग शेंगदाणे खात बघत बसतो. तालुक्यापुरतं ठेवलं तर एका वर्गातून तीन-तीन संघ उतरवता येतात. बाजू त्याच सकाळी चिठ्ठी टाकून ठरवावी. शेवटची फेरी मात्र खऱ्या कोर्टाच्या खोलीत व्हावी, परवानगी काढून. मुलांनी त्याआधी एकदा चालू खटलाही बसून पाहावा. कोर्ट सगळ्यांना खुलं असतं, हे खेड्यात फारच थोड्यांना माहीत आहे. आत पाऊल टाकायचं म्हणजे काहीतरी गुन्हा केलेला असला पाहिजे असा समज आहे.

वेळ कधीचा धरायचा, हे शेतीकडे पाहून ठरवा. दिवाळीनंतर कापूस वेचणीला लागला की वर्ग निम्मे रिकामे होतात आणि जानेवारीत गॅदरिंग असतं. पोळ्याच्या आसपासचे दिवस बरे, निंदण आटोक्यात आलेलं असतं. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी कोर्टाला सुट्टी असते, हायस्कूल सकाळचं भरतं. म्हणजे वकीलही मोकळा आणि मुलंही. आमच्या बाररूममध्ये त्या दिवशी कॅरम चालतो, तो साडेअकरानंतरही खेळता येईल.